पहिली नटी कोण, दुर्गाबाई की कमलाबाई? आणि कमलाबाई गोखल्यांचं पुढे काय झालं?

अबोली१९:

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

झालं असं की परवा रात्री जेवताना टीव्हीवर विक्रम गोखल्यांचा एक जुना सीन लागला होता, बाबा सहज बोलून गेले की यांची आजी म्हणजे कमलाबाई गोखले, आपल्या देशातली पहिली सिनेनटी. मावशी आलेली राहायला, ती लगेच म्हणाली छे, पहिली नटी दुर्गा खोटे, आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलोय. मग मी मोबाईलवर शोधायला बसले तर तिसरंच नाव निघालं, दुर्गाबाई कामत, आणि त्या तर कमलाबाईंच्याच आई! जेवणं होऊन ताटं वाळली तरी आमचा वाद चालूच.

पण वाद बाजूला राहूदे, मला खरा प्रश्न वेगळाच पडलाय. जिथे जिथे कमलाबाईंबद्दल वाचलं तिथे दोनच वाक्यं सापडतात, एक म्हणजे फाळक्यांच्या चित्रपटात काम केलं आणि दुसरं म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी. मधलं काहीच नाही! तेरा-चौदा वर्षांची पोरगी १९१३ साली कॅमेऱ्यासमोर उभी राहते आणि मग थेट नातवाचं नाव, मधली सत्तरऐंशी वर्षं ती बाई काय करत होती, घर कसं चालवत होती, नाटकात होती की सिनेमात होती, लग्न कुणाशी झालं, हे कुणाला माहिती आहे का? आणि त्या काळात चांगल्या घरातली मुलगी तिथे पोचलीच कशी? जे माहिती असेल ते लिहा प्लीज, थोडं असलं तरी चालेल.


विंगेतला:

अबोली, धागा काढलास ते फार बरं केलंस. मी पंधरा वर्षं हौशी नाटकांचं बॅकस्टेज केलंय आणि या बाईंबद्दल मला मनापासून माया आहे, त्यामुळे लांबलचक लिहिणार, सावकाश वाच.

आधी तुमच्या घरातलं भांडण मिटवू. ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनला दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र लागला. त्यातली राणी तारामती म्हणजे अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारा एक पोरगा. फाळक्यांनी बाई मिळावी म्हणून जाहिराती दिल्या, अगदी वेश्यावस्तीत जाऊन विचारून आले, पण कॅमेऱ्यासमोर यायला एकही बाई तयार झाली नाही. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातच फिल्मला भोकं पाडण्यापासून ते एवढ्या सगळ्या माणसांचं जेवणखाण करण्यापर्यंत सगळं बघत होत्या, त्यांना सुट्टी कुठली. मग दुसरा चित्रपट केला मोहिनी भस्मासुर, तोही १९१३ चाच, आणि त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. एकाच चित्रपटात मायलेकी! म्हणजे पहिली अभिनेत्री म्हणायचं तर आई, आणि पहिली बालनटी म्हणा किंवा पहिली नायिका म्हणा, ती लेक, कारण चित्रपटाच्या नावातली मोहिनी तीच. तुझे बाबा पण बरोबर आणि मोबाईल पण बरोबर.

मावशी दुर्गा खोट्यांचं म्हणतात ते बोलपटांच्या जमान्यातलं आहे. प्रभातचा अयोध्येचा राजा १९३२ ला आला, त्यात त्या तारामती होत्या. हे मला नेहमी अंगावर येतं बघ, की तारामतीचीच भूमिका, १९१३ ला बाई मिळाली नाही म्हणून साळुंक्यांनी साडी नेसून केली आणि १९ वर्षांनी दुर्गाबाई खोट्यांनी केली. मधल्या त्या १९ वर्षांत काय काय बदललं आणि काय काय नाही ते सगळं या एका भूमिकेत दिसतं.

आता फाळक्यांना या दोघी मिळाल्या कशा. तर त्या आधीपासून रंगभूमीवरच होत्या. चित्ताकर्षक नाटक मंडळी म्हणून कंपनी होती तिच्यात दोघी काम करायच्या, कमला तर चार-पाच वर्षांची असल्यापासून स्टेजवर. म्हणजे घरात बसलेल्या मुलीला कुणी उचलून कॅमेऱ्यासमोर नेलं असं झालेलं नाही, तिच्याकडे तोपर्यंत सातआठ वर्षांचा अनुभव होता, हे लोक विसरतात. रोज रात्री प्रेक्षकांसमोर उभं राहायची सवय असलेली पोर ती, तिला कॅमेऱ्याचं काय भय.

आणि हे पण लक्षात घे की हा मूकपट आहे. नाटकातल्या पोरीचं सगळं भांडवल काय, तर गळा आणि शब्द, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज गेला पाहिजे ही तालीम. इथे आवाजच नाही. वर नाटक रात्री दिव्यांच्या उजेडात आणि हे शूटिंग दिवसाढवळ्या उन्हात, हाताने हँडल फिरवायचा कॅमेरा. त्यात गोष्ट बघ कोणती निवडलीय, भस्मासुर ज्याच्या डोक्यावर हात ठेवेल तो भस्म आणि मोहिनी नाचता नाचता स्वतःच्या डोक्यावर हात ठेवते, तिचं बघून तोही ठेवतो आणि संपतो. अख्खी गोष्ट एका हाताच्या हालचालीवर उभी, शब्द लागतच नाहीत. फाळके माणूस किती विचार करून कथा निवडत असेल ते कळतं, आणि सगळा भार त्या एवढ्याशा मुलीच्या हातावर. तो चित्रपट आज आपल्याला अख्खा बघायला मिळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढच्याच वर्षी, १९१४ ला फाळके लंडनला गेले तेव्हा जे चित्रपट घेऊन गेले त्यात हा पण होता. म्हणजे कमलाबाईंचं काम तिकडच्या लोकांनी पण बघितलं.

बाकीचं रात्री लिहितो, आत्ता निघायला लागतंय.


सदाफुली:

विंगेतला यांनी मस्त लिहिलंय. मला दुर्गाबाईंबद्दल लिहायचंय कारण सगळे मुलीपाशी थांबतात आणि मला आई जास्त मोठी वाटते.

त्यांचं लग्न आनंद नानोसकर नावाच्या गृहस्थांशी झालं होतं, ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. म्हणजे शिकलेलं घर, शहरातलं. ते लग्न टिकलं नाही आणि दुर्गाबाई लहानग्या मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या, विसावं शतक नुकतंच लागलं होतं तेव्हाची गोष्ट आहे ही. आता त्या काळात नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, पदरात मूल, तिच्यापुढे काय होतं? कुणाकडे तरी पोळपाट लाटणं धरायचं, भांडी घासायची, नाहीतर नातेवाइकांच्या घरात कोपऱ्यात पडून राहायचं. नोकरी नावाची गोष्ट बाईसाठी नव्हतीच जवळजवळ. त्यांनी फिरत्या नाटक कंपनीत जायचं ठरवलं. जातवाल्यांनी नावं ठेवली, संबंध तोडले, आणि तरी त्या गेल्या आणि मुलीलाही घेऊन गेल्या.

नावं ठेवली हे आपण आता एका ओळीत टाइप करतो पण त्याचा अर्थ काय होता ते मला माझ्या पणजीच्या एका आठवणीवरून कळलं. आमच्या गावच्या वाड्यात पुढच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचे, एकदा गावात नाटक कंपनीचा मुक्काम होता तेव्हा कंपनीतलं एक कुटुंब जागा बघायला आलं, बाई, दोन मुलं आणि म्हातारी. पणजीच्या सासऱ्यांनी कंपनीतल्या पुरुषांना जागा द्यायची तयारी दाखवली पण ती बाई स्वतः काम करते म्हटल्यावर नाही म्हणाले. पणजी तेव्हा नवीन लग्न झालेली, तिने माजघरातून सगळं ऐकलं. ती सांगायची की ती बाई काही बोलली नाही, तिने फक्त धाकट्याला पाणी मागितलं, आणि पाणी द्यायला पण घरातल्या कुणाला पुढे होऊ दिलं नाही, गड्याने दिलं. पणजीला नव्वदाव्या वर्षी सुद्धा ते आठवून रडू यायचं, मी पाणी द्यायला हवं होतं म्हणायची.

ही बाई कोण होती ते आम्हाला माहीत नाही, कमलाबाई दुर्गाबाईंचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण गावोगाव फिरणाऱ्या बाईला हे दर मुक्कामाला सोसायला लागत असणार ना. त्यात मुलगी वाढवायची, तिला पार्ट पाठ करून घ्यायचे, गाणं शिकवायचं, रात्रीचा खेळ पहाटेपर्यंत चालला की झोपलेल्या पोरीला उचलून बिऱ्हाडी आणायचं. म्हणून मला कुणी पहिली नटी कोण विचारलं की मी दुर्गाबाईच सांगते. पडद्यावर पहिल्या म्हणून नाही, त्यांनी ठरवलं म्हणून.


खडूचा तुकडा:

चर्चा चांगली चाललीय. मी निवृत्त शिक्षक आहे, इतिहास शिकवायचो, त्यामुळे एक मुद्दा मांडावासा वाटतो, राग मानू नये.

‘पहिली’ या शब्दाने आपला एक गैरसमज होतो. आपल्याला वाटतं पहिली बाई आली म्हणजे दार उघडलं आणि तिच्यामागून रांग लागली. तसं अजिबात झालं नाही. मोहिनी भस्मासुरनंतर चार वर्षांनी, १९१७ ला फाळक्यांनी लंकादहन केला, तो तुफान चालला, आणि त्यात सीता कोण? पुन्हा अण्णा साळुंकेच. आणि राम पण तेच! दोन्ही भूमिका एका माणसाने केल्या. म्हणजे दोन बायका येऊन काम करून गेल्या तरी फाळक्यांना पुन्हा पुरुषाकडेच जावं लागलं. पुढे कालिया मर्दनमध्ये त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी आली, पण ती कृष्ण झाली होती, आणि घरचीच मुलगी म्हणून मिळाली.

रंगभूमीवरही तेच. ज्या १९१३ मध्ये कमलाबाई मोहिनी झाल्या त्याच वर्षी बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढची वीसएक वर्षं महाराष्ट्राला बाई कशी दिसावी, साडी कशी नेसावी, फुलं कशी माळावीत हे बालगंधर्वांनी शिकवलं. मी बालगंधर्वांचा भक्त आहे, त्यांच्या गाण्याबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. पण मला हे नेहमी टोचतं की घराघरातल्या बायका एका पुरुषाने दाखवलेली साडीची तऱ्हा उचलत होत्या आणि प्रत्यक्ष बाई रंगभूमीवर उभी राहिली तर तिला घरात घेत नव्हत्या. सदाफुलीताईंच्या पणजीची आठवण वाचून पुन्हा तेच जाणवलं.

आंधळ्यांची शाळा हे नाटक १ जुलै १९३३ ला झालं, नाट्यमन्वंतर या संस्थेचं, ज्योत्स्नाबाई भोळे त्यात होत्या, आणि मध्यमवर्गाच्या नाटकात स्त्रीची भूमिका स्त्रीने करायला तिथून खरी मान्यता मिळाली असं आपण शिकवतो. मीही शिकवलं. पण तोपर्यंत कमलाबाई पंचवीस वर्षांहून जास्त काळ रंगभूमीवर होत्या! एवढा काळ कुणी काम करत असेल आणि इतिहासाच्या पुस्तकात सुरुवात तिच्यानंतरची धरली जात असेल तर चूक कुणाची. माझीही आहे, मी मुलांना कधी सांगितलं नाही.


विंगेतला:

आलो परत. गुरुजींचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि त्यावरूनच पुढचं सांगतो, कारण अबोलीने विचारलेली मधली वर्षं तिथेच आहेत.

कमलाबाईंचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं, साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी. रघुनाथराव किर्लोस्कर मंडळीतले, नंतर भावाच्या कंपनीत आले तिथे या मायलेकी होत्या. म्हणजे संसार पण कंपनीतच मांडलेला. मुलं झाली. आणि कमलाबाई पंचविशीत असताना रघुनाथराव गेले. दोन मुलं हाताशी आणि तिसरं पोटात.

इथे जरा थांबून विचार करा. पंचवीस वर्षांची विधवा, गरोदर, आणि हातात कला एकच. त्या काळच्या घरंदाज विधवेला काय भोगायला लागायचं ते सगळ्यांना माहितीय. यांनी पुन्हा तोंडाला रंग लावला. दुसरं कुणी पोसणारं नव्हतं, काम केलं तर मुलं जेवणार. आईने जे वीसपंचवीस वर्षांपूर्वी केलं होतं तेच लेकीवर आलं, फक्त लेकीला रस्ता माहितीचा होता.

त्या वेळी नुसत्या बायकांच्या नाटक कंपन्या होत्या हे पण खूप जणांना माहीत नसतं. मनोहर स्त्री संगीत मंडळी, बेळगावकर स्त्री संगीत नाटक मंडळी अशी नावं सापडतात. पुरुषांच्या कंपनीत पुरुष बायकांचे पार्ट करायचे तसं इथे उलटं, बायकाच राजा, बायकाच सेनापती, बायकाच खलनायक. कमलाबाईंनी पुरुषपार्टही केलेत! मला बॅकस्टेजवाला म्हणून यात फार रस आहे कारण पुरुषपार्ट करायचा म्हणजे नुसती मिशी चिकटवून होत नाही, चाल बदलते, खांदे बदलतात, पगडी, तलवार, धोतर सांभाळत पद म्हणायचं असतं आणि आवाजाची पट्टी वेगळी लावायला लागते. बालगंधर्वांच्या चालण्याबोलण्यावर आपण पुस्तकं लिहिली, या बायका मिशी लावून उभ्या कशा राहायच्या, हसायच्या कशा, रागवायच्या कशा, यावर कुणी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर आज केवढी दौलत असती आपल्याकडे.

मग १९३१ ला आलम आरा आला आणि चित्रपट बोलायला लागले. आता बघा गंमत नाही म्हणणार मी याला पण न्याय म्हणेन, मूकपटात जिचा आवाज वाया गेला होता तिच्यासारख्यांची आता गरज पडायला लागली, गाणारी, शब्द स्वच्छ म्हणणारी माणसं हवी होती. कमलाबाई पुन्हा चित्रपटात आल्या. सगळे मिळून पस्तीसच्या आसपास चित्रपट केले त्यांनी. शेवटचा १९८० चा गहराई. हिशोब करा, १९१३ ते १९८०, म्हणजे सदुसष्ट वर्षं! मूकपट, बोलपट, रंगीत, सगळं बघून झालं बाईंचं.

मुलं कोण ते पण सांगतो. चंद्रकांत गोखले तर सगळ्यांना माहिती, नाटक सिनेमा दोन्हीकडचे मोठे नट. लालजी आणि सूर्यकांत हे दोघं तबलावादक. तिघांपैकी एकही कलेबाहेर गेला नाही. चंद्रकांतजी लहानपणीच स्टेजवर उभे राहिले, कारण घरात पैसा हवा होता. विक्रम गोखले त्यांचा मुलगा, अनुमती चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता त्यांना. म्हणजे दुर्गाबाईंपासून मोजलं तर चार पिढ्या.


अबोली१९:

बापरे, एवढं सगळं! मी आज ऑफिसमध्ये डबा खाताना वाचत होते आणि सदाफुलीताईंच्या पणजीच्या पाण्यापाशी आले तेव्हा डोळ्यात पाणीच आलं, शेजारची विचारायला लागली काय झालं.

मावशीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली ठीक आहे, पण मग दुर्गा खोट्यांचं एवढं नाव आणि यांचं का नाही? दोघी सिनेमात, दोघींना पोटासाठी यावं लागलं. आणि मला अजून एक विचारायचंय, कमलाबाई स्वतः काही बोलल्यात का कुठे? म्हणजे त्यांच्या स्वतःच्या तोंडून?


निळी शाई:

पहिल्यांदाच लिहितेय या धाग्यावर. हो, बोलल्यात. रीना मोहन यांनी त्यांच्यावर डॉक्युमेंटरी केलीय, नावच कमलाबाई, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे, राष्ट्रीय पुरस्कार पण मिळालाय तिला. मी कॉलेजात असताना एका फिल्म क्लबमध्ये बघितली होती. तेव्हा बाई नव्वदीच्या घरात, पुण्यात, थकलेल्या. मला वाटलं होतं एखादी म्हातारी आजी जुन्या आठवणी सांगेल आणि आपण हळहळून घरी जाऊ. पण नाही हो! नाटकातली वाक्यं म्हणायला लागल्या की चेहरा बदलतो, डोळे बदलतात, आवाज उभा राहतो. शरीर साथ देत नाही आणि पार्ट मात्र सगळा पाठ. आमच्या रांगेतली एक मुलगी पूर्ण वेळ माझा हात धरून बसली होती.

मला त्यातून कळलेली गोष्ट म्हणजे त्यांना स्वतःला ‘पहिली’ असण्याचं फारसं अप्रूप नसावं, हे माझं मत हं. चित्रपट म्हणजे त्यांच्या आयुष्यातलं एक काम. त्यांचा जीव नाटकात होता. आपण बाहेरून बघतो म्हणून आपल्याला १९१३ मोठं दिसतं.

तुमच्या मावशींचा प्रश्न चांगला आहे. मला वाटतं ते घराण्यामुळे आहे. दुर्गा खोटे लाड घराण्यातल्या, कॉलेजात शिकलेल्या, त्यामुळे त्या आल्या तेव्हा लोकांना धक्का बसला आणि धक्क्याची बातमी होते. त्यांचाही त्रास खरा होता, पहिल्या चित्रपटानंतर लोकांनी केवढी टीका केली, तो कमी लेखायचा नाही मला. पण त्यांच्यामुळे घरंदाज बायका सिनेमात येऊ लागल्या असं जे म्हणतात त्यात कंपनीत वाढलेल्या मुलीला आपण घरंदाज धरतच नाही हे लपलेलं आहे. दुर्गाबाई कामतांचं सासर सुशिक्षितच होतं की. पण एकदा फिरत्या कंपनीत गेल्या म्हटल्यावर त्यांची गणती वेगळी झाली. शिवाय दुर्गा खोट्यांचे चित्रपट आजही बघायला मिळतात, १९८३ ला फाळके पुरस्कार मिळाला, आत्मचरित्र आहे. कमलाबाईंचं मुख्य काम रंगभूमीवर, ते त्या रात्रीबरोबर संपलं. स्टेजवरचं काम ज्यांनी बघितलं ती माणसं गेली की काय उरतं.


खडूचा तुकडा:

निळी शाई, शेवटचं वाक्य फार खरं लिहिलंत.

अबोली, एक सावधगिरीची सूचना. नेटवर वाचताना मायलेकींच्या तारखा नीट तपासून बघ. काही ठिकाणी आईच्या नावापुढे मुलीच्या तारखा चिकटवल्यात, हिशोब केला तर आई मुलीपेक्षा जेमतेम वर्षभराने मोठी निघते. कमलाबाईंचा जन्म १९०० च्या आसपासचा, यावरून बाकीचं ताडून बघायचं. फोटोंचाही असाच घोळ आहे, कधी कधी तिसऱ्याच बाईचा फोटो लावलेला असतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी वाचत असेल तर त्याला सांगतो, पहिली कोण यावर भांडण्याआधी निदान फोटो तरी बरोबर बाईचा लावा.

आणि विंगेतला, चंद्रकांत गोखल्यांबद्दल एक राहिलं ते मी लिहितो. ते दर वर्षी १ लाख रुपये युद्धात अपंग झालेल्या जवानांसाठी द्यायचे. स्वतः अगदी साधे राहायचे. हे वाचलं तेव्हा मी वर्गात मुलांना सांगितलं होतं, पण तेव्हा फक्त त्यांचं कौतुक केलं. आता इथलं सगळं वाचून वाटतं की ज्या घरात एकेका खेळाच्या पैशावर तीन मुलं वाढली त्या घरातला माणूस असे पैसे काढून देतो, तर त्या मुलाला वाढवणाऱ्या बाईबद्दल पण त्याच तासाला सांगायला हवं होतं.


विंगेतला:

गुरुजी, नमस्कार घ्या.

अबोली, तू विचारलं होतंस घर कसं चालवत होत्या, त्याचं एक उत्तर कंपनीच्या पद्धतीत आहे, ते लिहायचं राहिलं. कंपनी म्हणजे नुसती नोकरी नव्हती, तो एक मोठा फिरता संसारच होता. मुक्काम पडला की बिऱ्हाड मांडायचं, एकच मुदपाकखाना, सगळ्यांची पंगत, आजारी पडलं तर कंपनीतलीच माणसं बघायची. त्यामुळे लेकुरवाळ्या बाईला गावात जे मिळत नव्हतं ते थोडंफार तिथे मिळायचं, कुणीतरी मूल धरणारं असायचं. ती विंगेत पाळण्यात झोपलेली मुलं, आई आत जाऊन प्रवेश करून येते, येऊन मूल पाजते, घंटा झाली की पुन्हा पदर सावरून आत. हे आमच्या संस्थेतल्या जुन्या मेकअपवाल्या काकांनी सांगितलेलं, त्यांच्या वडिलांनी कंपनीत रंगपट सांभाळला होता. पण त्याच वेळी कंपनी बुडाली की सगळंच बुडायचं, पगार थकायचे, सामान जप्त व्हायचं, आणि बोलपट आल्यावर तर एकेक कंपनी बसत गेली. म्हणून मी म्हणतो की कमलाबाईंचं सिनेमात परत येणं हौसेचं नव्हतं, जिथे काम आहे तिथे जायचं, हा जन्मभराचा शिरस्ता.


सदाफुली:

विंगेतला, तो विंगेतला पाळणा आता डोक्यातून जायचा नाही माझ्या.

मला एक सुचलंय. आमच्या गावच्या घरात माळ्यावर पणजीची लाकडी पेटी आहे, तिच्यात जुन्या नाटकांच्या जाहिरातींचे कागद आहेत, गुलाबी पिवळे, पणजोबा नाटकाचे शौकीन होते, जिथे जातील तिथला कागद आणायचे जपून. मी लहानपणी बघितलेत पण तेव्हा नुसती चित्रं बघितली. या रविवारी जातेच आहे गावाला, तेव्हा सगळे उघडून बघते की कुठल्या कागदावर बायकांची नावं छापलीत आणि कशी छापलीत, पूर्ण नाव की नुसतंच कुमारी अमुक. वाळवी लागली नसेल तर फोटो काढून इथे टाकते. अबोली, मावशींना म्हणावं अजून चार दिवस राहा.


अबोली१९:

मावशी राहतेय! ती म्हणतेय पेटीतले कागद बघितल्याशिवाय तिकीट काढणार नाही. ताई, कागद उलगडताना जपून हं, जुने कागद घडीवर फाटतात.